वावरात डिटेक्टर फिरवण्याआधी : परवानगी कुणाची, जागा कोणती

विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात मेटल डिटेक्टर घेऊन एसटीतून उतरलं की पारावरून पहिला प्रश्न ठरलेला असतो : "धन-गिन काढता का जी?" विचारणाऱ्याला उत्सुकता असते आणि धास्तीही. ही धास्ती खोटी नाही. गुप्तधनाच्या नादाने आपल्याकडे घरातली चूल उकरली गेली, देवळाचा ओटा फोडला गेला, पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसाला हाताशी धरून अमावास्येच्या रात्री खड्डे खणले गेले, आणि काही ठिकाणी त्यापायी माणसांचे जीवही गेले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला तो यामुळेच. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे, वर दंड.

म्हणून आपल्या भागात परवानगीचा विषय सातबाऱ्यावरच्या नावापाशी संपत नाही. गावाला आधी पटावं लागतं की हा माणूस धन काढणाऱ्यांपैकी नाही. ज्याला ही गोष्ट उमगली त्याला वावरं मिळतात, चहा मिळतो, आणि "तिकडल्या धुऱ्यावरही पाहून घ्या" असं आपणहून सांगणारे काकाही मिळतात. ज्याला उमगली नाही त्याच्या मागे पोरं लागतात आणि पोरांच्या मागे पोलीस पाटील येतो.

आधी यंत्राबद्दल थोडं, कारण गावात तेही समजावून सांगावं लागतं. डिटेक्टरच्या खालच्या चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून सतत बदलणारा वीजप्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की धातूत बारीक प्रवाह फिरू लागतात, त्यांचं उलट क्षेत्र चकतीला जाणवतं आणि यंत्र वाजतं. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते. परात किंवा कुदळीएवढी मोठी वस्तू थोडी आणखी खालची सापडते. बस्स, इतकंच. "पन्नास फुटांवरून सोनं दाखवणारं", "दहा मीटर खोलवरचा हंडा ओळखणारं" म्हणून जी अँटेनावाली यंत्रं लाख-लाख रुपयांना विकली जातात, ती शुद्ध फसवणूक आहे. गावात कुणी तसलं यंत्र घ्यायच्या विचारात असेल तर त्याला तिथंच थांबवा. त्या पैशात मोटर बदलून येते, मुलीची कॉलेजची फी भरून होते.

आणखी एक गोष्ट मालकाला आधीच सांगावी. यंत्र सोनं आणि ॲल्युमिनियम यांत खात्रीने फरक करू शकत नाही. बारीक सोन्याच्या बाळीचा आवाज आणि गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी पापुद्र्याचा आवाज जवळपास सारखाच येतो. वावरात तर कीटकनाशकाच्या बाटलीच्या तोंडावरचे ॲल्युमिनियमचे पापुद्रे जागोजागी पडलेले असतात. त्यामुळे दहादा वाकावं लागतं तेव्हा एकदा कामाचं काही निघतं. हे आधी सांगितलं की काठावर उभ्या असलेल्या लोकांना प्रत्येक "टूं" ला सोनं दिसत नाही.

परवानगी नेमकी कुणाची

सुरुवात सातबाऱ्यापासून करा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, नुसता पाहायला तर पैसेही लागत नाहीत. गाव, गट नंबर किंवा खातेदाराचं नाव टाकायचं. नागपूर-भंडाऱ्याकडे जुनी माणसं अजून गट नंबराला खसरा नंबर आणि तलाठ्याच्या साझ्याला पटवारी हलका म्हणतात, तेवढं लक्षात ठेवलं की बोलणं सोपं जातं. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं असलं तरी गावात तो पटवारीच.

सातबारा हातात आला की मालकाचं नाव वाचून मिटवून ठेवू नका. नीट पाहिलं तर चार गोष्टी दिसतात. एक, नावं किती. बाप गेल्यावर वारस म्हणून तीन भाऊ, दोन बहिणी आणि आई अशी सहा नावं एकाच गटावर असणं ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे. वाटणी तोंडी झालेली असते, कागदावर नसते. धाकट्याने हो म्हटलं आणि थोरल्याला संध्याकाळी कळलं, तर भांडण त्या भावांत लागतं आणि कारण आपण असतो. दोन, भोगवटादार वर्ग. वर्ग एक असेल तर जमीन खातेदाराच्या पूर्ण हक्काची. वर्ग दोन म्हणजे शासनाने काही अटींवर दिलेली. भूदानात मिळालेली जमीनही अटींचीच असते. अशा ठिकाणी एकट्या कसणाऱ्याच्या होकारावर न जाता पटवाऱ्याशी बोलून घेतलेलं बरं. तीन, इतर हक्काचा रकाना. तिथं कुळाचं नाव, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वादाची नोंद, सगळं असतं. कोर्टात वाद चालू असलेल्या वावरात पाय ठेवू नये, मालक कितीही आग्रह करो. चार, जमिनीचा प्रकार. तिथं "झुडपी जंगल" लिहिलेलं असेल तर सातबारा मिटवा आणि दुसरी जागा पाहा.

हे झुडपी जंगल खास विदर्भाचं. कागदावर झुडपी जंगल, प्रत्यक्षात गावाची गुरं चरायची मोकळी, खुरट्या झाडांची जागा. पाहणाऱ्याला वाटतं पडीक आहे, कुणाचीच नाही. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच मानल्या जातील असा निकाल दिला. वनाचा कायदा लागू झाला की खणणं सोडाच, हत्यार घेऊन शिरणंही अंगाशी येऊ शकतं. ताडोबा, मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर, टिपेश्वर यांच्या हद्दीत आणि राखीव जंगलात डिटेक्टर नेण्याचा विचारही नको.

कागदावरचा मालक कळला तरी जमीन कसणारा वेगळा असू शकतो. मालक नागपुरात नोकरीला, वावर मक्त्याने किंवा बटईने दिलेलं, प्रत्यक्ष काम सालदाराच्या हातात. माझ्या मते इथं पहिला मान कसणाऱ्याचा. पीक त्याचं, ठिबकच्या नळ्या त्याच्या, मोटरची केबल कुठून गेली ते त्यालाच ठाऊक. मालकाने फोनवर "जा, पाहा" म्हटलं तरी कसणाऱ्याला भेटल्याशिवाय वावरात उतरू नये. विनापरवानगी उतरलात तर तो फौजदारी अतिक्रमणाचा विषय होऊ शकतो. पण त्याहून मोठं नुकसान असं की त्या शिवारात पुन्हा कुणी तुम्हाला उभं करणार नाही.

ग्रामपंचायतीच्या जागांचं वेगळं. आठवडी बाजाराचं मैदान, पोळा भरतो ती आखर, गायरान, यांसाठी सरपंच आणि ग्रामसेवक यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. देवस्थानाच्या जमिनीला विश्वस्त मंडळाची मंजुरी हवी, पुजाऱ्याचा होकार पुरत नाही. नदीच्या रेतीत, मग ती वैनगंगा असो की वर्धा की पूर्णा, महसूल खात्याचा अधिकार चालतो. रेतीचोरीच्या तक्रारी इतक्या आहेत की पात्रात फावडं घेऊन दिसलेला माणूस आपोआप संशयात येतो. रेल्वेची हद्द रेल्वेचीच मालमत्ता. गोसीखुर्दसारख्या प्रकल्पात बुडालेल्या गावांचे चौथरे उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडे पडतात. ती जमीन संपादित झालेली, पाटबंधारे खात्याची. शिवाय ज्यांची ती घरं होती ती माणसं पुनर्वसनाच्या गावात राहतात. माझं म्हणणं, तिथं जायचंच तर त्यांच्या बोलावण्यावरून, त्यांना सोबत घेऊन आणि खात्याच्या परवानगीने. आजीचं हरवलेलं भांडं तिच्या नातवासमोर निघालं तरच त्याला अर्थ आहे.

बोलणं कसं करावं

वेळ आधी. मृगाच्या पेरणीत, सोयाबीनच्या सवंगणीत (कापणीत), धानाच्या रोवण्यात कुणाकडे जाऊ नये. त्या दिवसांत शेतकऱ्याला श्वास घ्यायला उसंत नसते. संध्याकाळी गुरं बांधून झाली की घरी जावं. यंत्र पिशवीत न झाकता समोर ठेवावं आणि अंगणातच त्याच्या हातात द्यावं. दोन-तीन नाणी, एक खिळा, बाटलीचं झाकण जमिनीवर टाकून चालवून दाखवावं. बोलणं बहुधा असं चालतं :

"काहाचं यंतर होये हे?"

"जमिनीतलं लोखंड-पितळ दाखवते काका. इतभर खालचं."

"अन् धन दाखवते का?"

"नाही जी. हंडा-गिंडा याच्यानं दिसत नाही. काकूचं काही हरवलं असन वावरात तर सांगा, ते पाहून देतो."

इथं बहुतेक वेळा आतून आवाज येतो. कारण हरवलेलं असतंच. निंदणाच्या वेळी चिखलात निसटलेलं जोडवं, कापूस वेचताना ओटीच्या गाठीत अडकून तुटलेली बाळी, डोरल्यातला मणी, गोठ्याजवळ पडलेली नाकातली चमकी. एखादी बाई वीस वर्षांपूर्वीची जागा बोटाने दाखवते : "त्या बाभळीपासून दोन तासं सोडून, विहिरीच्या अंगाला." तिला ती जागा आठवते कारण त्या दिवशी घरी गेल्यावर काय ऐकावं लागलं तेही आठवतं. माझ्या मते विदर्भात डिटेक्टरचं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे. या कामात परवानगी मागावी लागत नाही, ती समोरून येते. आणि अशा वस्तूवर शोधणाऱ्याचा हिस्सा नसतो. वस्तू जिची तिची. चहा घ्यावा, उठावं.

घरात बाईमाणूसच कर्ती असेल, सातबारा तिच्या नावावर असेल, तर एकट्याने दारात जाऊन उभं राहू नये. ओळखीच्या घरच्या कुणाला तरी सोबत न्यावं, आणि होकार तिच्याच तोंडून घ्यावा. दिराने किंवा पुतण्याने परस्पर दिलेला होकार खरा धरू नये.

होकार मिळाला की एक साधा कागद करावा. स्टॅम्प पेपर नको, वहीचं पान चालतं. त्यात गावाचं नाव, गट नंबर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, दिवसाउजेडीच शोध, खड्डा वीतभरच आणि लगेच बुजवायचा, पिकात पाय नाही, मालकाची वस्तू मालकाची, भंगार मालक म्हणेल तिथं, आणि जुनं काही निघालं तर थांबून कायद्याने कळवायचं, एवढं असावं. खाली मालक, कसणारा आणि शोधणारा यांच्या सह्या, सोबत एका शेजाऱ्याची. एक प्रत पोलीस पाटलाला द्यावी. कायदा ती मागत नाही, पण तिचा उपयोग असा की रात्री कुणी "ते धनवाले आले होते" म्हणून आवई उठवली तर गावातलाच जबाबदार माणूस सांगू शकतो की काय चाललं होतं.

जुनं काही निघालं तर कायदा काय म्हणतो

हा भाग मालकाला परवानगीआधीच सांगायचा, नंतर नाही. भारतात १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली की सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं आणि वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तिच्यासाठी जामीन द्यायचा. दहा रुपयांची ती मर्यादा तेव्हाची आहे, म्हणजे आज चांदीचा एक रुपयाही तिच्या वर जातो. कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद, दंड, आणि स्वतःचा हिस्सा सरकारजमा. लपवायला मदत करणाऱ्या जमीनमालकालाही शिक्षा आहे.

उलट कळवलं तर काय होतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि हक्क सांगायला मुदत देतात. ही तारीख सूचनेपासून चार महिन्यांच्या आत नसते आणि सहा महिन्यांच्या पलीकडे जात नाही. कुणाची मालकी सिद्ध झाली नाही तर निधी बेवारस ठरतो आणि सापडणारा व जागेचा मालक यांच्यात वाटला जातो. दोघांत आधीचा करार असेल तर कराराप्रमाणे. करार नसेल आणि मालकाच्या हक्काबद्दल वाद नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक हिस्सा मालकाचा. सरकारला ती वस्तू स्वतः ठेवायची असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग देऊन ती घेता येते. तीनास एक ही वाटणी ऐकून शेतकऱ्याचा चेहरा उतरतो, आणि त्याचं बरोबरच आहे. पिढ्यान्पिढ्या कसलेली जमीन त्याची. म्हणून कागदावर निम्मे-निम्मे लिहावं असं मला वाटतं.

शंभर वर्षांहून जुनं नाणं, मूर्ती, हत्यार, दागिना हे १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतात. ते देशाबाहेर नेता येत नाहीत आणि त्यांच्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो. भोकाचा पैसा, जो वावरात बऱ्याचदा निघतो, १९४३ ते १९४७ या काळातला. तो अजून या व्याख्येत येत नाही. ढबू पैशावरचं साल मात्र नीट वाचावं.

जागा : कुठं जायचं, कुठं मुळीच नाही

आपल्याकडे गावाची जमीन काळी आणि पांढरी अशी ओळखतात. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती मिळून ती पांढुरकी होते. जुन्या गढ्यांची माती, उजाड झालेल्या गावांची रिठं हीही पांढरीच. सातबाऱ्यावर "मौजा अमुक रीठ" असं लिहिलेलं असतं, माणूस एकही राहत नाही, पण मातीत खापरं, मणी, विटांचे तुकडे दिसतात. नवशिक्याचा पाय सगळ्यात आधी तिकडे वळतो. तिथंच जायचं नाही.

कारण सांगतो. जमिनीतले थर उतरंडीसारखे रचलेले असतात. मधलं गाडगं ओढून काढलं की गाडगं हाती येतं, उतरंड जाते. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, किती खोलवर वस्तू होती यावरून तिचा काळ आणि तिचा वापर कळतो. विदर्भाचा इतिहास असाच थराथराने उलगडला आहे. पवनीचे स्तूप, कुही तालुक्यातलं अडम, अमरावतीकडलं कौंडिण्यपूर, मनसर, नगरधन या सगळ्या ठिकाणांचा जुना काळ उत्खननानेच उजेडात आला. नगरधन म्हणजे वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन, आणि तिथल्या अलीकडच्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्तेची मातीची मुद्रा मिळाली. ती मातीची आहे. डिटेक्टर तिच्यावर वाजला नसता, आणि शेजारच्या खिळ्यासाठी कुणी कुदळ घातली असती तर तिचा चुरा झाला असता.

नागपूरभोवती जुनापाणी, माहुरझरी, नैकुंड इथली शिळावर्तुळं तशीच. शेताच्या कडेला मोठे धोंडे गोलात मांडलेले दिसतात आणि शेतकरी ते अडचण म्हणून सरकवतो. ती लोहयुगातली दफनं आहेत. आत लोखंडाची हत्यारं असतात, माहुरझरीला तर घोड्यांचे तांब्याचे दागिने मिळाले. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. अशा वर्तुळात डिटेक्टर नक्की वाजणार, आणि म्हणूनच त्याच्या जवळपास फिरवू नये. मालकाला तेवढं सांगावं की हे धोंडे हलवू नका, हे तुमच्या गावाचं आहे. संरक्षित स्मारकाची हद्द, मग ती गाविलगड-नरनाळ्यासारख्या किल्ल्याची असो की एखाद्या हेमाडपंती देवळाची, तिथं परवानगीचा प्रश्नच उद्भवत नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र असतं.

मग उरलं काय? खूप उरलं. जिवंत माणसांच्या आठवणीतल्या जागा उरल्या. शंकरपट (बैलांच्या शर्यती) भरायचा ते मोकळं वावर, आता बंद पडलेला बाजार, जुन्या पांदणीच्या कडेची बैल सोडायची जागा, खळं, मोटेच्या विहिरीची धाव, यात्रेच्या बैलगाड्या उतरायच्या ती आमराई. या जागा शोधायला सत्तरी ओलांडलेली माणसं हवीत. जोडीला भूमी अभिलेख कार्यालयातला गाव नकाशा घ्यावा, त्यावर जुन्या पांदणी आणि शिवरस्ते स्पष्ट असतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे आणि इंग्रजांच्या काळातली जिल्हा गॅझेटियर चाळली तर कुठल्या गावी कुठल्या वारी बाजार भरायचा, गाडीवाट कुठून जायची हे कळतं. नकाशा आणि म्हातारा एकच जागा दाखवू लागले की तो गट कुणाचा ते पाहायचं.

जमिनीचा स्वभावही जाणून घ्या. वऱ्हाडातली काळी माती बेसॉल्ट खडकाची झीज होऊन झालेली, तिच्यात लोहखनिज भरपूर. यंत्र मातीलाच वाजू लागतं. त्यासाठी यंत्रात जमिनीशी जुळवून घेण्याची सोय असते. ते प्रत्येक वावरात नव्याने करावं, आणि पाणी दिलेल्या व कोरड्या भागात वेगळं. शिवाय ही माती उन्हाळ्यात भेगाळते, हातभर खोल भेगा पडतात. पडलेलं नाणं किंवा बाळी भेगेत जाते आणि पहिल्या पावसात माती फुगून भेग मिटते. म्हणून मागच्या वर्षी हरवलेली वस्तू यंदा यंत्राच्या आवाक्याबाहेर गेलेली असू शकते, आणि चार वर्षांनी नांगरटीत पुन्हा वर येऊ शकते. बाईला हे समजावून सांगावं, तिची आशा तुटू देऊ नये, नांगरटीनंतर पुन्हा येतो म्हणावं आणि यावं. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांधीत उलटं. चिखलणीने खाली कडक थर बसलेला असतो, वस्तू त्यावर अडकते. तिथं धान निघाल्यावरचे कोरडे महिने चांगले.

काळ्या रानात वाफसा असताना काम करावं. ढेकूळ हातात फुटतं, खुरप्याने माती एका बाजूला घेऊन पोत्याच्या तुकड्यावर ठेवता येते, वस्तू निघाली की तीच माती परत घालून पायाने दाबता येते. ओल्यात माती चकतीला आणि चपलेला पायलीभर चिकटते, पूर्ण कोरड्यात कुदळ लागते, आणि कुदळ लागली की काम चुकलं असं समजावं.

जिवाचं थोडं बोलू. रानडुकरांसाठी वावराभोवती तार ओढलेली असते. झटका मशीनची असेल तर झटका, पण काही जण चोरून थेट लाइन सोडतात आणि त्यात माणसं मरतात. कसणाऱ्याला स्पष्ट विचारा, आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडा. फवारणी झालेल्या वावरात काही दिवस जाऊ नका. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते सगळ्यांना आठवत असेल. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात जंगलालगतच्या शेतात एकट्याने वाकून बसणं म्हणजे वाघासमोर बसणं, तिथं उभा राहून नजर ठेवणारा दुसरा माणूस हवाच. गडचिरोलीत जिथं भूसुरुंग पेरले गेले तिथं जमिनीतलं लोखंड शोधूच नये. आणि दारूगोळा भांडार किंवा आयुध निर्माणीच्या आसपास, विशेषतः पुलगावकडे, जमिनीत वाजलेल्या लोखंडाला हात लावू नये. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथं मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि त्यात मजुरीला गेलेली आसपासच्या गावांतली माणसं गेली.

शेवटी तो प्रसंग, जो क्वचितच येतो पण यायच्या आधी ठरवून ठेवावा लागतो. वीतभर खाली तांब्याच्या गडूचा काठ दिसला, किंवा एकमेकांना चिकटलेल्या नाण्यांचा हिरवा गोळा. हात थांबवा. बाहेर ओढू नका, पुसू नका, चिंच तर मुळीच लावू नका. नाण्यावरची अक्षरं त्या हिरव्या पापुद्र्यातच टिकलेली असतात. आहे तसा फोटो काढा, शेजारी खुरपं ठेवून, म्हणजे आकार कळेल. मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश घ्या. मालकाला आणि कसणाऱ्याला बोलवा, वर पोतं आणि माती टाका, पोलीस पाटील आणि पटवाऱ्याला तिथूनच फोन लावा. गर्दी जमायच्या आत पंचनामा झाला तर मालकाचं वावर वाचतं.

१९३९ मध्ये मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळ्याला जमिनीतून सातवाहनांची सुमारे १६०० नाणी निघाली. सोनं नाही, चांदी नाही, मिश्रधातूची हलकी नाणी. भंगारात गेली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. ती अभ्यासकांपर्यंत पोचली आणि त्यांवर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी राजांची नावं वाचता आली, जी पुराणांच्या याद्यांत नव्हती. वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या मातीने देशाच्या इतिहासात राजे घातले.

जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या अर्जात तीन गोष्टी लागतात : काय आणि साधारण किती किमतीचं सापडलं, कुठं सापडलं, कोणत्या तारखेला सापडलं. गट नंबर लिहा, परवानगीच्या कागदाची प्रत जोडा, मालकाची सही सोबत घ्या, आणि आवक शाखेतून पोच घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका.